नराची गाबोळी

सकाळी सहाला टोपली उतरते.
मी पाट धुते, विळी दगडावर घासते.
एकतीस वर्षं झाली.
मासा हातात आला की पोटाखालचा कोंब बघून सांगते
नर की मादी,
विळी लावायच्या आधी.
या बाजारात माझ्याशी कुणी पैज लावत नाही.

नराच्या पोटात दुधाच्या दोन दोऱ्या,
मादीच्या पोटात राळ्याची पिशवी.
इतकंच ते.
बाकी आतडी दोघांचीही सारखीच घाण वासाची.

पोळ्याच्या आदल्या बुधवारी एक चिलापी आली,
पाऊण किलोची, नर.
हनुवटी काळी, अंगावर मारामारीचे ओरखडे.
फाडली,
तर दोऱ्यांना मध्येमध्ये दाणे लागलेले,
पिवळे,
जसं पांढऱ्या सुताला कुणी
चुकून हळदीचा हात लावावा.

शेजारच्या मल्लव्वाला दाखवलं.
ती म्हणाली, देवाचं काहीतरी असेल, झाक.
मग तिनंच विचारलं,
हे कुठल्या भावानं द्यायचं गं?
गाबोळीचा भाव वेगळा असतो.

तेव्हापासून मोजतेय. खडूनं, पाटाच्या कडेला.
धरणाच्या टेम्पोत एकही नाही.
ओढा ज्या तळ्यात उतरतो तिथल्या टोपलीत
दहा-बारा नरांत एक.
थंडीत दोन.

आमच्या गल्लीतली पोरं ओढा बघून सांगतात
आज कारखान्यात कुठला टॉवेल लागलाय.
सोमवारी किरमिजी, गुरुवारी शेवाळी,
दिवाळीच्या ऑर्डरीला तर रोज नवा.
मला वाटायचं, रंगच लागला असेल माशांना.

रचिता गाजूल कॉलेजातून येते, बरण्या घेऊन.
तिच्या आजोबांचे दोन माग होते अशोक चौकात.
दाणेवाले नर ती विकत घेते, पूर्ण भावानं.
म्हणाली, रंग नाही अक्का, साबण.
सूत धुवायचा.
तो पाण्यात तुटतो, आणि त्याचा एक तुकडा
मादीच्या अंगातल्या रसासारखा दिसतो.
पिल्लू बोटाच्या पेराएवढं असतं,
त्याचं अंग अजून ठरत असतं,
त्याला वाटतं, आतूनच निरोप आला.
नर व्हायला निघालेलं
वाटेत दाणे भरायला बसतं.

साबणाला रंग असतो का?
नाही, म्हणाली.
मग पोरांना कसं कळायचं?
आणि असल्या नराला पिल्लं होतात का?
ती बरणीचं झाकण पिळत राहिली.
घट्ट बसलं होतं तरी.

चिलापीची मादी अंडी तोंडात धरते.
पोरं पोहायला लागेस्तोवर
दहा-बारा दिवस काही गिळत नाही.
जाळ्यात आली तरी तोंड उघडायला भिते.
मी बोटानं उघडलंय पुष्कळदा.

काल नरसिमलू आला.
रंगाईच्या हौदावरचा मिस्त्री, कोपरापर्यंत मोरपंखी,
त्यानं दिलेल्या नोटेचा कोपराही मोरपंखी.
त्याची राजमणी आलीय माहेरी, सातवा लागलाय.
म्हणाला, अक्का, पोरगी दुसरं काही मागत नाही,
गाबोळी तेवढी काढून दे,
तळून देतो म्हणालोय, जिरं घालून.

रचिता दोन दिवस आली नव्हती.
पाटाखालचं पातेलं भरलेलं होतं, वर ताटली.

मी म्हणाले, नाही रे.
आज सगळे नरच आले.

तो हसला. नशीब म्हणाला.
पुढच्या बुधवारी?
बघू, म्हणाले,
आणि पाटावर तांब्याभर पाणी ओतलं.
ते गटारीनं गेलं, खवले घेऊन,
ओढ्याकडे.